शकुबाईच्या तारखा

"इले कायले उभी करते वो दरवेळी? थे मॅडम येऊन राह्यली ना, येऊ दे म्हणा."

लालीबाईचा आवाज होता. बोरी अरबच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात, शकुबाईच्या पाठीमागे हातभर अंतरावर सतरंजीवर बसून ती बसंतीबाईच्या कानात बोलत होती. आणि लालीबाईचं कानात बोलणं म्हणजे निम्म्या सभागृहाची सोय.

"हळू वो. आयकन थे."

"आयकन तं आयकन. साऱ्या गावाचं आयकू येते इले, अन्..."

पुढचं बसंतीबाईने चिमटा काढून थांबवलं. शकुबाईने मागे वळून पाहिलं नाही. वळायची गरज नव्हती, उरलेलं वाक्य तिने तिच्या तिने पुरं करून घेतलं होतं: साऱ्या गावाचं ऐकू येतं हिला, अन् डिग्री एक नाही. दुसरं काय असणार? गेली दोन वर्षं तिच्या कानावर येणारं प्रत्येक अर्धं वाक्य शेवटी त्याच एका जागी जाऊन बसत होतं, समीक्षा मॅडमच्या डिग्रीपाशी.

मॅडमची गाडी दारव्ह्याहून निघाली आहे, तोवर तुम्ही दोन शब्द बोला, असं ग्रामसेवकाने म्हटलं होतं. एके काळी दोन शब्द पाहुणे बोलायचे आणि बाकीचा दिवस शकुबाईचा असायचा. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि वीस वर्षं जिथून सुरू करत आली तिथूनच सुरू केलं. माझं शिक्षण सातवी, कायदा मला बायांनी शिकवला. या वाक्याला बाया हसतात, हसल्या की सैल होतात, सैल झाल्या की बोलतात. आज हसल्या नाहीत.

मग तिने तिचा पहिला धडा काढला, नाव घ्यायचा. बाई मार खाईल पण नवऱ्याचं नाव घेणार नाही. 'आमच्या घरचे' म्हणेल, 'बंटीचे बाबा' म्हणेल, नाहीतर नुसती दाराकडे मान हलवेल. आता कोर्टाने 'आमच्या घरच्यां'ना समन्स काढायचं तरी कसं? म्हणून शकुबाई प्रत्येक शिबिरात एका बाईला उभं करायची आणि सांगायची, उखाणा नको, लाजणं नको, निस्तं नाव घे. ज्याचं नाव तोंडातून निघत नाही ते कागदावर कसं यावं?

आज कोणी उठेना. तिची नजर फिरत फिरत खांबाला टेकून बसलेल्या सुरभीवर आली. सुरभी म्हणजे तिची सून, गोपालची बायको, लग्नाला चार वर्षं झालेली. निदान घरच्या माणसाने तरी चारचौघांत मान राखावा. उठ, असं शकुबाईने डोळ्यांनी सांगितलं. सुरभीने मान खाली घातली आणि सतरंजीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसली. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं आणि सगळं सभागृह सावरून बसलं.

समीक्षात पाहण्यासारखं काही नव्हतं, हेच शकुबाईला जास्त खुपायचं. साधी सुती साडी, कोपराच्या खाली बाह्या असलेला ब्लाउज, अंबाड्यात खोचलेलं पेन. आल्या आल्या ती सगळ्यांसमोर शकुबाईच्या पाया पडली. दरवेळी पडायची. पाया पडणारा त्याने मोठा होतो आणि ज्याच्या पडतात तो नुसता म्हातारा होतो, हे शकुबाईच्या अलीकडे ध्यानात यायला लागलं होतं.

मग पांढऱ्या पडद्यावर एक चित्र उमटलं. कॅलेंडरचं पान, त्यात एका चौकोनाला लाल गोल. वर लिहिलेलं: तारखा कशा काढाव्यात.

शकुबाईने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

ते कॅलेंडर तिचं होतं. म्हणजे चित्रातलं नव्हे, ते कोरं करकरीत होतं, तेल लागलेलं नाही की कोपरा दुमडलेला नाही. पण ती रीत तिची होती. झरी जामणीकडच्या एका पोडावरची, म्हणजे कोलाम वस्तीवरची, जमनी नावाची बाई, तिच्या केसपासूनची. कोर्टात समोरच्या वकिलाने जमनीला विचारलं होतं, कोणत्या तारखेला मारलं? जमनी म्हणाली, मोह पडत होता तवा. वकील हसला, कारकून हसला, आणि जमनीने पुन्हा तोंड उघडलं नाही. पुढच्या सुनावणीला ती भिंतीवरचं कॅलेंडर काढून पिशवीत घालून घेऊन गेली, कोर्टाच्या व्हरांड्यात जमनीला शेजारी बसवलं आणि विचारत गेली. मोहाची फुलं पडायला लागली होती का संपत आली होती? बाजाराच्या आधी का नंतर? गारा पडल्या त्या आठवड्यात का? कोणाच्या घरी लग्न होतं? असं विचारत विचारत दुपारपर्यंत सात तारखा काढल्या. वकिलाला मग हसायला जागा राहिली नाही.

तेव्हापासून शकुबाईने एक कॅलेंडर फेकलं नाही. दोन हजार सहापासूनची सगळी, साडीच्या काठाने बांधून पत्र्याच्या पेटीत. आणि नुसती ठेवलेली नव्हेत, भरलेली. गावात काय झालं ते रोज चौकोनात लिहायचं. नळ बंद. नाल्याला पूर. कोणाचा बैल विहिरीत पडला. पऱ्हाटीला कापसाचं पहिलं बोंड. त्याच चौकोनात खाली, स्वतःचा कार्यक्रम. कोणत्याही गावची बाई येऊन म्हणू दे की अमक्याची विहीर खचली त्या दिवशी, शकुबाई पेटी उघडायची आणि तारीख हातावर ठेवायची. दारव्ह्याचे वकीलसुद्धा माणूस पाठवायचे.

आणि त्या व्हरांड्यात, जमनीच्या पलीकडे, एक एकोणीस वर्षांची पोरगी वही घेऊन बसली होती. उमरखेडच्या दुकानदाराची मुलगी, लॉ कॉलेजला नुकती लागलेली, उन्हाने नाक सोललेलं. मावशी, हे लिहून घेऊ का? शकुबाई म्हणाली होती, लिही ना, लिहायले काय लागते. तीन वर्षं ती पोरगी तिच्या मागे गावोगाव फिरली. शकुबाईच्या डब्यातली भाकर खाल्ली, तिच्या पांघरुणात निजली. पुढे परीक्षा देत गेली, यवतमाळच्या एका लॉ कॉलेजात शिकवायला लागली, दर शनिवारी मुलं घेऊन खेड्यांत जाऊ लागली, पोलीस पाटलांना, अंगणवाडीताईंना कायदा शिकवू लागली. गेल्या वर्षी तिचं पुस्तक निघालं, गावातल्या बायांसाठी, सोप्या भाषेत. त्यात तारखांचं एक आख्खं प्रकरण. शकुबाईने ते चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचलं आणि शेवटच्या पानावर आभारांच्या यादीत स्वतःचं नाव शोधलं. होतं. वाहनव्यवस्था सांभाळणारे रहेमानभाई यांच्यानंतर आणि छायाचित्रकाराच्या आधी. शकुबाई, बोरी अरब.

रहेमान म्हणजे शेजारच्या अनवरीचा नवरा, गॅरेजवाला. त्याने दोनदा गाडी दिली होती.

कार्यक्रम संपल्यावर बाया समीक्षाभोवती गोळा झाल्या, गुळाच्या ढेपेभोवती व्हाव्यात तशा. शकुबाई पुढच्या खुर्चीत चहाचा कप धरून बसली. दोन वर्षांपूर्वी अशाच बाया तिच्याभोवती व्हायच्या. आता रस्त्यात भेटल्या तर पीकपाणी विचारतात, गुडघे विचारतात, आणि आपलं दुखणं घेऊन थेट यवतमाळला फोन लावतात. गावातल्या गावात, तीन घरं सोडून राहणारी बाई असताना.

गर्दी पांगल्यावर तिने पाहिलं, खांबापाशी समीक्षा आणि सुरभी उभ्या होत्या. समीक्षाने सुरभीचा हात दोन्ही हातांत धरला होता, आणि सुरभी, जी घरात चार वाक्यांच्या वर पाचवं बोलत नाही, ती तो हात सोडवून घेत नव्हती. तिने त्या दिवशी कोपराच्या खाली बाह्या असलेला ब्लाउज घातला होता. फेब्रुवारी संपत आलेला, ऊन अंगाला लागायला सुरुवात झालेली, आणि या लांब बाह्या. गेल्या दोन महिन्यांत तिने अनवरीकडून तसे तीन ब्लाउज शिवून घेतले होते. शकुबाईला तेव्हाच समजलं होतं. मॅडमची नक्कल. घरची सूनसुद्धा तिकडेच गेली.

घरी आल्यावर ती कोणाशी धड बोलली नाही. नवरा नानाजी अंगणात बाजेवर पडून मोबाइलवर कीर्तन ऐकत होता, तो तसाही घरात काय चाललं आहे याची चौकशी करणाऱ्यातला नव्हता. पण गोपालने ओळखलं. गोपालला आईचा चेहरा वाचता यायचा. त्याने तिला पाणी आणून दिलं, विचारलं, काय झालं, कोणी काही बोललं का? आणि म्हणाला, त्या मॅडमला काय येतं, सगळं तर तुझ्याकडून शिकली. शकुबाईला बरं वाटलं. तिचा पोरगा लाखात एक होता. तिला बसस्टँडवर सोडायला गाडी काढायचा, तिचे फोटो स्टेटसला ठेवायचा, खाली लिहायचा: माझी आई, माझा अभिमान. प्रत्येक शिबिराच्या आधी न चुकता विचारायचा, परतीची गाडी कोणती, मुक्काम आहे का? असा विचारणारा मुलगा कोणाच्या घरी आहे?

चार दिवसांनी समीक्षाचा फोन आला. इकडचं तिकडचं न बोलता ती म्हणाली, मावशी, गेल्या वर्षीचं आणि यंदाचं कॅलेंडर दोन दिवसांसाठी हवं आहे. एका बाईचा अर्ज करायचा आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे. घटना तिला सगळ्या आठवतात, तारखा आठवत नाहीत.

"कोणाची बाई?" शकुबाईने विचारलं.

"नाव नाही सांगता येणार, मावशी. तिने हो म्हटल्याशिवाय नाव सांगायचं नाही, हे तुम्हीच शिकवलं."

"मंग तिले माह्याकडं धाड. तारखा मी काढून देतो."

मग समीक्षा म्हणाली, "ती तुमच्याकडे नाही येऊ शकत."

शकुबाईने फोन ठेवला. नाही येऊ शकत. म्हणजे काय? पाय नाहीत? यवतमाळला जायला पाय आहेत आणि बोरी अरबला यायला नाहीत? आधी रीत नेली, मग बाया नेल्या, आता पेटी न्यायला आली. पेटीची किल्ली तिने खणाच्या डब्यातून काढली आणि मंगळसूत्राच्या वाटीशेजारी ओवून टाकली.

समीक्षाने पुन्हा फोन केला. तिसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा आवाज वेगळा होता. म्हणाली, ती बाई आत्ता हो म्हणते आहे, आठ महिन्यांनी पहिल्यांदा. पुढच्या आठवड्यात म्हणेल की नाही, देव जाणे. तुम्हाला माहीत आहे ना मावशी, हे हो किती दिवस टिकतं ते. शकुबाईला माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं तिला, एसटीत, जमनीच्या गावाहून येताना. तरी ती म्हणाली, पाहू.

मन मोकळं करायला ती अनवरीकडे गेली. दोन घरांच्या मधली भिंत एक, मैत्री तीस वर्षांची. अनवरी शिलाई मशीनवर बसली होती. नवरा गाड्यांवर आणि ही मशीनवर, असं त्यांचं घर दिवसभर चालू असायचं, पण अलीकडे अनवरीचं मशीन भलत्याच वेळी ऐकू यायचं. भर दुपारी, जेवणाच्या वक्ताला, एकदम जोरात, कापड असो नसो. शकुबाईने एकदा गंमत केली होती, काय वो, कोण्या नवरीचा एवढा घाईचा घागरा हाय? अनवरी तेव्हा हसली नव्हती.

आजही शकुबाईने सगळं सांगितलं, पुस्तकापासून पेटीपर्यंत, आणि सुनेच्या लांब बाह्यांपर्यंत. अनवरी खाली बघून धागा ओवत होती. सुईचं भोक तिला सापडत नव्हतं.

"दे देना, शकू," ती शेवटी म्हणाली. "कागदच तं हाय."

"तू बी तिच्याच बाजूची?"

"मी कोणाच्या बाजूची नाही, बाई. मी भिंतीच्या या बाजूची हावो." आणि तिने मशीन सुरू केलं. कापड न घालता.

शकुबाई रागाने घरी आली. तिला काही तरी खटकलं होतं, पण रागाला एक बरं असतं, तो खटकलेल्यावर बसून घेतो.

शनिवारी समीक्षा स्वतः आली. विद्यार्थी नाहीत, गाडी नाही, एसटीने. गोपाल खताच्या कामाला दिग्रसला गेला होता, नानाजी पारावर. शकुबाईने तिला बाजेवर बसवलं आणि मुद्दाम म्हणाली, या मॅडम. समीक्षाने ऐकून घेतलं. मग शकुबाईने तिची अट सांगितली. रात्रभर घोळवून ठेवलेली होती. पेटी घराबाहेर जाणार नाही. तू यादी वाच, तारखा मी काढीन. बाईचं नाव नको सांगू, मला त्याची पर्वा नाही.

समीक्षाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिने नाक सोललेलं असतानाही असंच पाहिलं होतं एकदा, जमनीने सातवी तारीख सांगितली तेव्हा.

"नक्की, मावशी? तुम्हीच काढणार?"

"मंग कोण काढन? तुह्या कॉलेजात हाय का कोणी?"

सुरभी स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. भांड्यांचा आवाज यायचा तेवढाच.

शकुबाईने गळ्यातली किल्ली लावून पेटी उघडली. कॅलेंडरांचा वास आला, जुन्या कागदाचा, डांबराच्या गोळ्यांचा. गेल्या वर्षीचं काढून तिने मांडीवर घेतलं आणि कित्येक महिन्यांनी तिला आपले हात कामाचे वाटले. बायांचं सोड, ही पोरगी शेवटी माझ्याच मांडीपाशी आली, असं तिच्या मनात आलं, आणि ते तिने गिळूनही टाकलं नाही, चघळत ठेवलं.

समीक्षाने कागद उघडला. "पहिलं. टाकीचा पाइप फुटला होता. गावात तीन दिवस नळ नव्हते, त्यातला मधला दिवस. दुपारी."

"आपल्याच गावची हाय तं," शकुबाई म्हणाली. पान उलटलं, बोट फिरवलं. "हे पाय. ऑक्टोबर, चौदा. नळ बंद." त्याच चौकोनात खाली तिचं अक्षर होतं: झरी शिबिर, मुक्काम. ती हसली. "मी झरीले गेलती तवा. बरं झालं म्हटलं, पाण्याची कटकट चुकली. लिही."

समीक्षाने लिहिलं.

"दुसरं. गणपती बसले त्याच्या आदल्या दिवशी."

हे तर सोपं होतं. चौकोनात लिहिलेलं: उमरखेड मेळावा, मुक्काम. शकुबाईने तारीख सांगितली, पण या वेळी हसली नाही. तिचं बोट चौकोनावरून उचललं गेलं नाही.

"तिसरं," समीक्षा म्हणाली आणि थांबली. आवाज खाली आला. "महिला दिनाला."

त्याला कॅलेंडर लागत नव्हतं. तरी शकुबाईने मार्चचं पान काढलं. आठ. यवतमाळ, सत्कार, शाल, नारळ. त्या दिवशी समीक्षानेच तिचा सत्कार ठेवला होता आणि स्वतः मधल्या खुर्चीत बसली होती, म्हणून शकुबाई परतीच्या सबंध वाटेवर धुमसत आली होती. घरी पोचली तेव्हा गोपालने स्टेटसला फोटो ठेवलेला होता. सुरभी झोपली होती, डोकं दुखतं म्हणून. सुनेला सासूचं कौतुक नाही, असं शकुबाईला वाटलं होतं. तिने शाल घडी करून ठेवली होती.

झरी, मुक्काम. उमरखेड, मुक्काम. परतीची गाडी कोणती? मुक्काम आहे का?

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"वाच," शकुबाई म्हणाली.

"मावशी, राहू द्या हवं तर. तीन पुरतात."

"वाच म्हणतो ना."

समीक्षाने कागदाकडे पाहिलंच नाही. तिला ते पाठ होतं. "चौथं. यंदाचं, जानेवारीतलं. शेजारच्या मुलीचा निकाह होता. घरचे सगळे मांडवात होते."

आरिफाचा निकाह. अनवरीच्या धाकटीचा. शकुबाई त्या दिवशी कोणत्याही शिबिराला गेली नव्हती. भिंतीच्या पलीकडे होती, बिर्याणीच्या पातेल्यांपाशी, नवरीच्या आत्यांना पाणी देत. आणि मध्येच घरी आली होती, आरिफासाठी घेतलेली साडी विसरली म्हणून. स्वयंपाकघरात सुरभी जमिनीवर बसलेली होती. स्टीलचं पातेलं उपडं पडलेलं, भिंतीवर वरणाचा फराटा, वरून खाली ओघळ. गोपाल दारात उभा राहून हात पुसत होता. म्हणाला, हातून सुटलं तिच्या. शकुबाईने साडीची पिशवी उचलली होती आणि जाता जाता सुनेला सांगितलं होतं, लवकर पुसून घे, हळदीचा डाग पडते.

"यंदाचं कॅलेंडर लागन," ती म्हणाली.

यंदाचं पेटीत नव्हतं. ते स्वयंपाकघरात होतं, ओट्याच्या वरच्या भिंतीवर. वीस वर्षं कॅलेंडर बैठकीत लागायचं. यंदा जानेवारीत तिनेच खिळा बदलला होता. नानाजीने विचारलं तेव्हा म्हणाली होती, तिथे उजेड बरा येतो. तो डाग चारदा घासूनही गेला नव्हता.

ती उठली. गुडघे वाजले. समीक्षा मागून आली पण उंबऱ्याशी थांबली. सुरभी ओट्याला पाठ लावून उभी होती. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती आणि कोणी बटण फिरवलं नव्हतं. शकुबाईने आधी ते बटण बंद केलं. मग हात वर करून कॅलेंडर खिळ्यावरून काढलं.

डाग तिथेच होता. पिवळा, हातभर लांब, खाली निमुळता.

तिघीजणी तो पाहत उभ्या राहिल्या. पलीकडून मशीनचा आवाज येत नव्हता. एवढी शांतता त्या भिंतीतून शकुबाईने आधी कधी ऐकली नव्हती.

तिने जानेवारीचं पान शोधलं. आरिफाचा निकाह, असं तिने निळ्या शाईत लिहिलं होतं, बाजूला एक फूल काढलं होतं. तिने तारीख सांगितली. उंबऱ्याशी समीक्षाच्या पेनाचा आवाज झाला. मग शकुबाईने हात पुढे केला, आणि समीक्षाने पेनासकट अर्ज तिच्या हातात दिला. वीस वर्षांत शकुबाईने असे शेकड्याने पाहिले होते. चारही तारखा नीट, एकाखाली एक. वर अर्जदाराचं नाव कोरं. त्याखाली गैरअर्जदाराचं नाव, तेही कोरं.

मला काहून नाही सांगितलं, असं तिच्या जिभेवर आलं होतं. हिला सांगितलं, यवतमाळच्या बाईला, आणि मला नाही, एका ताटात जेवणारीला. अजून, या घडीलासुद्धा, तेच आलं आधी, आणि तिला त्याची शरम वाटली. लांब बाह्या तिच्या डोळ्यांसमोर होत्या. मनगटापाशी एक जागा हिरवट झाली होती, आठ दिवसांपूर्वीची असावी. आठ दिवसांपूर्वी ग्रामपंचायतीतून आल्यावर गोपालने तिचा चेहरा कसा वाचला होता, ते तिला कॅलेंडर न पाहता आठवलं.

तिने पेन सुरभीच्या हातात दिलं नाही. स्वतःच धरलं. आणि उभ्या गावापुढे, वीस वर्षं, बिनचूक, ज्या आवाजात म्हणत आली तो आवाज शोधत राहिली. सापडला नाही. जो होता त्यात म्हणाली,

"नाव घे, माय."

सुरभीने भिंतीकडे पाहिलं, मग सासूकडे. चार वर्षांत तिने या घरात ते नाव कधी घेतलं नव्हतं.

"गोपाल," ती म्हणाली. "गोपाल मारते मले. अन् तुमाले मालूम होतं, आई."